एक चकती बिघडली म्हणून सगळंच बदलायचं?

मंडळी, आज जरा आडवाटेच्या विषयावर लिहिते आहे. शिडाच्या बोटीच्या तळाला दोन लहानशा वस्तू बसवलेल्या असतात. एक खालच्या पाण्याची खोली सांगते, दुसरी बोटीचा पाण्यातला वेग. दोघींनाही ट्रान्सड्यूसर म्हणतात. मुठीएवढ्या असतात, कायम पाण्यात असतात आणि बिघडेपर्यंत कुणाला त्यांची आठवण होत नाही. (घरातल्या बाईसारखंच की, असं आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. असो.)

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. मराठी माध्यमातून केलं. तेव्हा 'मावशी, तुझा आणि ट्रान्सड्यूसरचा काय संबंध?' हा प्रश्न रास्तच आहे. संबंध असा की माझा भाचा इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ राहतो, त्याच्याकडे १९८० च्या दशकात बांधलेली नऊ मीटर लांबीची फायबरग्लासची बोट आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तो, सूनबाई आणि माझी दोन नातवंडं त्या बोटीतून समुद्रात जातात. खोली सांगणारा आकडा त्या बोटीवर एकाएकी दिसेनासा झाला, तेव्हापासून गेलं वर्षभर फोनवर दुसरा विषय नव्हता. ऐकून ऐकून, विचारून विचारून माझं एक मत तयार झालं, आणि मत तयार झालं की ते मांडल्याशिवाय मास्तरणीला चैन पडत नाही.

घाईत असलेल्यांसाठी मत आधीच सांगून टाकते. जुन्या यंत्राचा एक भाग गेला तर तेवढाच भाग बदलता आला पाहिजे. आणि तो बदलता यावा म्हणून यंत्र करणाऱ्याने त्याच्या दोन भागांमधली बोली लपवून ठेवू नये. एवढंच. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचावं :-)

आधी ही वस्तू काय करते ते पाहू. पूर्वी खोली मोजायला शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडत. दोरी तळाला टेकली की हातांनी ताणून मोजायची. दोन्ही हात पसरले की एक वाव. आपल्या कोकणात विहिरीचं पाणी, होडीखालचं पाणी, सगळं वावात मोजत. इंग्रजांचा फॅदम म्हणजे नेमकं तेच, पसरलेल्या दोन हातांचं अंतर, सहा फूट. तो शब्द त्यांच्या जुन्या भाषेत हात पसरण्यावरूनच आलेला आहे. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकच माप धरलं, कारण माणसाचे हात सगळीकडे तेवढेच. त्या शिशाच्या बुडाशी खळगा करून त्यात चरबी भरत. तळाची वाळू, चिखल, शिंपले त्या चरबीला चिकटून वर येत आणि खाली काय आहे ते जाणत्या खलाशाला कळे.

वेगाचंही असंच. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला लाकडाची फळी बांधून ती पाण्यात टाकायची आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. म्हणून बोटीचा वेग आजही नॉटमध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर.

पुढे दोरीच्या जागी आवाज आला. आलेक्झांडर बेम या जर्मन संशोधकाने प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याचं पेटंट १९१३ मध्ये घेतलं. क्यूरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवलं होतं की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. वीज दिली की ते स्फटिक आकसतात-फुगतात, हेही लवकरच सिद्ध झालं. आजच्या बोटीखाली असते ती त्याच तत्त्वावरची चिनीमातीसारखी चकती. वरच्या यंत्राने विजेचा झटका दिला की ती थरथरते, आवाज पाण्यात जातो, तळावर आपटून परत येतो आणि चकती त्याची पुन्हा वीज करते. गेल्यापासून येईपर्यंत किती वेळ लागला, त्यावरून खोली. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. दहा मीटर पाण्यात जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. सातवीच्या मुलालाही जमेल असं गणित. गंमत म्हणजे या चकत्यांपैकी बऱ्याच शिशाच्या संयुगाच्या असतात (काही बेरियमच्या). म्हणजे दोरी गेली, शिसं राहिलं!

वेगाचं यंत्र त्याहून सोपं. तळातून डोकावणारं पाणचक्कीसारखं छोटं चाक, त्याच्या पात्यांत चुंबक. चाक फिरलं की आत ठोके उमटतात आणि यंत्र ते मोजतं. सागरी मैलाला सुमारे वीस हजार ठोके हा पुष्कळ ठिकाणी आढळणारा आकडा आहे. म्हणजे एका नॉटला सेकंदाला साडेपाच.

आता 'हल्ली फोनवरचं जीपीएस सगळं सांगतं की', असं म्हणणारे भेटतील. आमच्याकडेही भेटले. जीपीएस बोटीचा जमिनीशी असलेला वेग सांगतं. पाण्यातला वेग पाच नॉट असेल आणि समोरून तीन नॉटचा प्रवाह येत असेल तर बोट प्रत्यक्षात दोनच नॉटने पुढे सरकते. दोन्ही आकडे हातात असतील तरच प्रवाह किती ते कळतं. सोलंट नावाच्या ज्या सामुद्रधुनीत भाचा बोट चालवतो, तिथे उधाणाच्या दिवसांत प्रवाह चांगलाच ओढतो. आणि खोली तर जीपीएस सांगतच नाही. ते फार तर नकाशात छापलेली खोली दाखवील. भरती-ओहोटी आणि सरकणारी वाळू यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

सोलंटच्या मधोमध ब्रॅम्बल नावाचा वाळूचा दांडा आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. वर्षातल्या मोठ्या ओहोटीला थोडा वेळ उघडा पडतो आणि तेव्हा दोन यॉट क्लबांची मंडळी त्यावर चक्क क्रिकेट खेळतात, पाणी परत येईपर्यंत! ऐकायला मजा वाटते. पण ११ नोव्हेंबर २००८ रोजी क्वीन एलिझाबेथ टू ही प्रचंड प्रवासी बोट साउदॅम्प्टनला शेवटची येत होती, तीही त्याच दांड्यावर टेकली. भरतीबरोबर टगबोटींनी ती सोडवली. तिच्यावर साधनांची काय कमी असणार? तेव्हा नऊ मीटरच्या बोटीत दोन मुलं घेऊन जाताना खोलीचा आकडा नसणं ही हौसेची अडचण म्हणता येणार नाही.

तर आकडा गेला. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. भाच्याने दुरुस्तीवाल्यांना दाखवलं. त्यांचं उत्तर तयार होतं: 'हे १९९० च्या दशकातलं आहे, याचे सुटे भाग आता नाहीत, सगळा संच नवा घ्या.' सगळा संच म्हणजे पडदे नवे, तारा नव्या, तळातली भोकं नवी. एकूण खर्च जुन्या बोटीच्या किमतीच्या जवळपास पाव हिस्सा. आणि बाकीचे पडदे ठणठणीत होते! वारा सांगणारा पडदा चालू, वेगाचा चालू, दिवे चालू. गेली होती ती फक्त खालची चकती.

मला हे पटेना. मिक्सरचं भांडं गळायला लागलं म्हणून कुणी मिक्सर टाकत नाही. कुकरची रिंग सैल झाली तर आपण नवी रिंग आणतो, शिट्टी बदलतो, व्हॉल्व्ह बदलतो. कोपऱ्यावरच्या भांड्याच्या दुकानात कुठल्या कंपनीचा किती लिटरचा कुकर एवढं सांगितलं की रिंग मिळते. शाईच्या पेनाची निब बदलून बदलून मी एका पेनाने वीस वर्षं वह्या तपासल्या. मग बोटीच्या चकतीतच असं काय आहे?

भाच्याला म्हटलं, 'मला नीट समजावून सांग.' त्याने सांगितलं ते असं.

पहिली अडचण सुराची. वरचं यंत्र ज्या कंपनसंख्येने झटका देतं, त्याच सुरात चकती लावलेली असावी लागते. कुणाची १५० किलोहर्ट्झ, कुणाची १७०, कुणाची २००, कुणाची २३५. तंबोरा एका पट्टीत आणि गाणारा दुसऱ्या पट्टीत, तसं झालं की प्रतिध्वनी दुबळा येतो. उथळ पाण्यात आकडा दिसतो आणि खोल पाण्यात हरवतो. यात फसगत अशी की धक्क्याला उभ्या बोटीवर सगळं ठीक वाटतं.

दुसरी अडचण ठोक्यांची. चाकाचे मैलाला ठोके वेगळे असतील तर वेग चुकीचा दिसतो. यंत्रात थोडी सुधारणा करता येते, पण ठराविक मर्यादेपर्यंतच.

तिसरी भोकाची. तळाला भोक पाडून त्यात नळकांडं बसवलेलं असतं आणि त्या नळकांड्यात ही वस्तू. हल्लीच्या बऱ्याच वस्तू ५१ मिलिमीटरच्या भोकात बसतात. जुन्या बोटींवर त्याहून अरुंद भोकंही आढळतात. भोक मोठं करायचं म्हणजे बोट पाण्याबाहेर काढायची आणि तिच्या बुडालाच हात घालायचा. त्यातही बोट लाकडाची असेल तर प्लॅस्टिकचं नळकांडं चालत नाही, कारण लाकूड फुगलं की ते चिरतं. बोट ॲल्युमिनियमची असेल तर ब्राँझ चालत नाही, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना खातात.

चौथी तारेची. तळापासून पडद्यापर्यंतची तार चकतीबरोबरच येते. ती मध्ये कापू नये, जोडू नये असं निर्माते बजावतात, कारण चकतीकडून येणारी वीज फार क्षीण असते. म्हणजे बाकांखालून, कपाटांमागून सगळी तार नव्याने ओवायची. यावर मी एक सूचना केली. लेंग्यात नाडी घालताना आपण जुन्या नाडीच्या टोकाला नवी बांधून ओढतो, तसं जुन्या तारेच्या टोकाला दोरी बांधून ओढ. 'मावशी, इथले लोकही तसंच करतात,' म्हणाला. करणारच! नाड्या सगळीकडे सारख्याच.

पाचवी अडचण मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती भाषेची. जुन्या पद्धतीत चकती मुकी असते. सगळी अक्कल वरच्या पडद्यामागे. नव्या पद्धतीत अक्कल चकतीतच असते. ती स्वतः झटका देते, स्वतः मोजते आणि वर तयार आकडा पाठवते. जुन्या पडद्याला हा तयार आकडा समजत नाही, कारण त्याला मुक्या चकतीची सवय. आणि आकड्यांची भाषा असली तरी तीही एक नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ मध्ये सगळ्यांसाठी एक सामाईक भाषा आणली. पण कंपन्यांच्या आपापल्या खाजगी बोली चालूच राहिल्या. उदाहरणार्थ इंग्लंडातल्या ऑटोहेल्मची 'सीटॉक' ही बोली. पुढे ती कंपनी १९९० मध्ये रेथिऑनकडे गेली, २००१ मध्ये रेमरीन म्हणून वेगळी झाली, २०१० मध्ये फ्लिरकडे गेली आणि २०२१ मध्ये टेलिडाइनकडे. यंत्रं मात्र लोकांच्या बोटींवर तिथेच! सीटॉकचं व्याकरण एका हौशी जर्मन गृहस्थांनी तारेवरची बोलणी ऐकून ऐकून उलगडलं आणि सगळ्यांसाठी मोफत मांडून ठेवलं. मोडी कागद लावत बसणाऱ्या आपल्या इतिहास संशोधकांच्या जातीचा माणूस! त्याच्यामुळे कितीतरी जुनी यंत्रं आजही नव्या यंत्रांशी बोलू शकतात.

जाता जाता एक गंमत. त्या सामाईक भाषेत खोलीच्या एका वाक्याचं नाव आहे डीबीटी. आपल्याकडे डीबीटी म्हणजे बँकेत थेट जमा होणारं अनुदान, तिकडे डीबीटी म्हणजे ट्रान्सड्यूसरखालची खोली. त्या एका वाक्यात तीच खोली तीनदा सांगतात: फुटांत, मीटरमध्ये आणि फॅदममध्ये. १९८३ मध्ये संगणकासाठी रचलेल्या वाक्यातही आपला वाव शिल्लक आहे!

आता दुसरी बाजू. ती न मांडणं शिक्षकाला शोभणार नाही. दुरुस्तीवाला माणूस लबाड होता असं मी म्हणत नाही. तीस वर्षं जुन्या यंत्राचे भाग साठवून ठेवणं कुठल्याही दुकानाला परवडत नाही. जुना भाग जोडून दिला आणि महिन्याने पडदा गेला तर बोलणी त्यालाच खावी लागणार. शिवाय तळातलं नळकांडंही तेवढंच जुनं असतं. प्लॅस्टिक चिरकं होतं, भोवतीचं सील सुटतं, आणि बोटीच्या बुडाला गळती परवडत नाही. नव्या चकत्यांचे फायदेही खरे आहेत. अक्कल चकतीतच असल्यामुळे तारेत आकडा बिघडत नाही, आणि कुठल्याही कंपनीच्या पडद्याला ती जोडता येते. नवी बोट घेणाऱ्याने नवीच पद्धत घ्यावी, याबद्दल माझं दुमत नाही. काही कंपन्यांनी जुन्या आणि नव्या भाषेमध्ये बसणारे दुभाषी डबेही काढले आहेत, तेही चांगलंच.

माझा आक्षेप 'सगळा संच नवा घ्या' हे पहिलंच उत्तर असण्याला आहे. ते शेवटचं उत्तर असावं. वैद्यबुवा नाडी न बघता 'पाय कापा' म्हणाले तर आपण दुसऱ्याकडे जाऊ की नाही?

नाडी बघायची म्हणजे काय, तेही भाच्याकडून शिकले. आधी तळ साफ करायचा. समुद्रात चाकाला आणि चकतीला शेवाळ धरतं, बार्नॅकल चिकटतात. चाक अडकलं की वेग शून्य, आणि माणसाला वाटतं यंत्र मेलं. मग तारांचे जोड बघायचे, खाऱ्या हवेने ते हिरवे पडतात. चाक बाहेर काढून बोटाने फिरवायचं, आकडा हलला तर चाक जिवंत. चकतीजवळ कान नेऊन ऐकायचं, बऱ्याचदा बारीक टिकटिक ऐकू येते. टिकटिक आहे म्हणजे झटका पोचतो आहे. या चारही गोष्टींना पैसा लागत नाही, अर्धी सकाळ लागते. आणि कोणता भाग मेला हे ठरलं की मगच बाजारात जायचं.

भाच्याने तसंच केलं. वेगाच्या चाकाचा फक्त आस झिजला होता, चाक-आसाची लहानशी पुडी मिळाली. चकती मात्र खरोखरच गेली होती, टिकटिक नव्हती. तेव्हा त्याने पडद्याच्या कंपनीचं नाव बाजूला ठेवून चकतीची माहिती शोधली: सूर कोणता, भोक किती, तार कोणती. यात एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. पडदे विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ, पण चकत्या करणाऱ्या मोजक्या. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली एअरमार ही कंपनी कितीतरी नावांसाठी चकत्या बनवते. शोधता शोधता त्याच सुराची, त्याच भोकात बसणारी मुकी चकती मिळाली. हिवाळ्यात बोट जमिनीवर घेतली तेव्हा ती बसवली. खर्च सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाहून कमी झाला.

(भोक न पाडताही एक उपाय आहे. फायबरग्लासचा तळ भरीव असेल तर चकती बोटीच्या आतूनच, तेल भरलेल्या डबीत बसवता येते. आवाज तळ भेदून जातो. तळात फोम किंवा बाल्सा लाकूड भरलेलं असेल तर चालत नाही. त्या डबीत कोणतं तेल घालतात माहीत आहे? काही ठिकाणी चक्क एरंडेल! लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून घेतलेलं एरंडेल असं समुद्रात कामी येईल असं वाटलं नव्हतं.)

नवी चकती बसली, आकडा आला, टाळ्या वाजल्या. पण मी म्हटलं, 'आकडा आला हे ठीक. तो बरोबर आहे हे कशावरून?' कारण चकती जिथे बसते तिथून ती मोजते. त्याच्या बोटीची कील पाण्याच्या पातळीखाली १.६ मीटर जाते आणि चकती आहे ०.४ मीटरवर. म्हणजे कीलचं टोक चकतीखाली १.२ मीटर. चकती ३ मीटर म्हणाली तर कीलखाली उरलं १.८ आणि एकूण पाणी ३.४. पडद्यावर यांतला कोणता आकडा दाखवायचा ते आपण ठरवून भरायचं असतं. एकाने 'कीलखालचं' समजून भरलं आणि दुसऱ्याने 'एकूण' समजून वाचलं की बोट वाळूत. यंत्र जुनं असो की नवं, हा घोळ दोन्हीकडे होतो. म्हणून ठरलेलं माप पडद्याशेजारी चिठ्ठीवर लिहून चिकटवायला लावलं. नातवाने सुरेख अक्षरात लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत.

आणि पडताळा कशाने? दोरीने! धक्क्याला पाणी शांत असताना दोरीला वजन बांधून खोली मोजली आणि पडद्याशी ताडून पाहिली. वेगाचा पडताळा असा: माहीत असलेलं अंतर प्रवाहाबरोबर जायचं, मग प्रवाहाविरुद्ध यायचं आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची. इथे मुलांसाठी छान उदाहरण मिळालं. जाताना सात नॉट, येताना तीन, सरासरी पाच, आणि पाण्यातला खरा वेग तोच. पण कुणी एकूण अंतराला एकूण वेळेने भागलं तर एका मैलासाठी ८ मिनिटं ३४ सेकंद आणि २० मिनिटं, म्हणजे उत्तर येतं ४.२. धाकटीने विचारलं, 'आजी, असं का?' म्हटलं, विरुद्ध प्रवाहात आपण जास्त वेळ असतो म्हणून. तिने कागदावर करून पाहिलं आणि मग पटलं म्हणाली. संच नवा घेतला असता तर हा धडा मिळाला नसता, असं मला आपलं वाटतं.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. भाच्याला चकती मिळाली, कारण सूर, भोक आणि तार यांची माहिती कुठेतरी छापलेली होती. ती नसती तर ठणठणीत पडदे कचऱ्यात गेले असते. माझी मागणी साधी आहे. कंपनीने एखादं यंत्र बनवणं बंद केलं की त्याची जोडणीची माहिती, म्हणजे कोणती तार कशाची, सूर कोणता, मैलाला ठोके किती, बोलीचं व्याकरण काय, हे सगळं जाहीर करावं. बंद केलेल्या मालात व्यापाराचं गुपित ते काय उरणार? भाग पुरवत राहा, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या कुणाला तो करता येईल एवढं तरी सांगून जा. निवृत्त होताना आम्ही शिक्षक कपाटाच्या किल्ल्या आणि नोंदवह्या पुढच्या शिक्षकाच्या हाती देऊनच बाहेर पडतो. तेवढीच अपेक्षा.

जगात वारं त्या दिशेने वाहू लागलं आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०२१ पासून धुलाई यंत्र, फ्रिज, टीव्ही अशा वस्तूंचे सुटे भाग काही वर्षं उपलब्ध ठेवण्याचं बंधन आलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. बोटीवरची यंत्रं दोन्हीकडे यादीत नाहीत. ती यावीत असं मला वाटतं, कारण फ्रिज बंद पडला तर दूध नासतं, खोलीचा आकडा बंद पडला तर प्रकरण जिवावर येऊ शकतं. आणि ही गोष्ट हौशी लोकांपुरती नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या बोटींवरही खोली आणि मासे दाखवणारी यंत्रं असतात. त्यांना 'सगळा संच नवा घ्या' हे सांगणं किती सोपं आणि ऐकणं किती अवघड, ते कर्ज काढून बोट चालवणाऱ्याला विचारा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. कुठलंही यंत्र घेताना पावतीबरोबर माहितीपुस्तक जपून ठेवा. जोडलेल्या भागांवरचे क्रमांक वहीत लिहून ठेवा, पाण्यात गेल्यावर ते वाचता येत नाहीत. एखादा भाग गेला तर आधी साफ करा, मग तपासा, मग नेमका तोच भाग शोधा. बोटवाल्यांसाठी आणखी एक: दोन्ही गोष्टी गेल्या असतील आणि पैसे एकीपुरतेच असतील तर खोली आधी दुरुस्त करा, वेग थांबेल. आणि तळाला रंग देताना प्लॅस्टिकच्या चकतीला चालणारा पाण्यावर आधारित रंगच लावा, काही रंगांतल्या द्रावकांनी ती खराब होते. भाच्याला शेजारच्या बोटवाल्या आजोबांनी हे सांगितलं, ते मी तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

तुमच्यापैकी कुणी मर्चंट नेव्हीत, बंदरात किंवा मासेमारीच्या धंद्यात असाल तर तुमचा अनुभव जरूर लिहा. मुंबईत, रत्नागिरीत, मालवणात अशा जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणारे हात कुणाला माहीत असतील तर तेही कळवा. आणि पुण्याच्या वन्संना खास निरोप: तुमच्या जुन्या शिलाई मशीनचा सुटा भाग मिळेल, भंगारवाल्याला इतक्यात बोलावू नका!